हाक मारजो

देवपुरात, तिसऱ्या मजल्यावर, रात्रीचे दोन चाळीस.
शहाद्याचं दूध किती थंड आहे
हे गेला पाऊण तास कुणालाच माहीत नाही.

मीटर तिथे बोलतोय. फोन करून विचारलं.
शीतकेंद्रावरचा मुकुंदा झोपेतच म्हणाला,
ताई, हिरवा दिवा लुकलुकतोय, अजून काय बघू?
शिरपूर गप्प. दोंडाईचा गप्प.
चूक म्हणावी तर तीही कुठे नोंदलेली नाही,
लॉग इतका स्वच्छ की जणू आत्ताच सारवलाय.

तर चला, पुन्हा मुखापासून.
बाइट येतात, ओल्या पायांचे, नावगाव नसलेले.
पहिला हँडलर त्यांची अक्षरं लावतो.
दुसरा वाक्य पुरं झालं का बघतो, मगच पुढे सोडतो.
तिसरा विचारतो, कोण तुम्ही, कुठले.
चौथा तापमान वाचतो, पाचवा वहीत मांडतो,
आणि "पोचलं" एवढा निरोप
त्याच वाटेनं उलटा, पाचव्याकडून पहिल्याकडे,
पुन्हा निव्वळ बाइट होत माघारी निघतो.
सगळी पाइपलाइन कुणीच पाहिलेली नाही.
ज्याला त्याला फक्त शेजारी ठाऊक.
आणि मधल्या कुणी पुढे द्यायचं विसरलं
तर आरडाओरडा होत नाही.
पाणी नुसतं मुरतं.

हे शेवटचं माझं नाही, झिपरू आप्पाचं.
पांझरेच्या फडावर तो पाटकरी.
अख्ख्या फडाला एकच माणूस, एक फावडं,
कानाला बांधलेला रुमाल.
चारी फोडायचा, पाणी उसात शिरताना
एकदा बघायचा, आणि वळायचा.
त्या शेतातल्या पोराला जाता जाता सांगायचा,
"पानी बांधले लागनं का हाक मारजो."
मी सात वर्षांची, त्याच्या मागे चिखलात.
थांबत का नाहीस, आप्पा?
"एकनाजोडे उभा ऱ्हायनू तं बाकीना काय पितीन?"

पुढे पुण्यात, वातानुकूलित वर्गात, हेच
दोन दिवस, चार्टर काढून शिकवलं.
मी वहीत एकच ओळ लिहिली,
शेजारच्या यामिनी बोरसेला ती वाचता आली नाही.

दोन सत्तेचाळीस. सापडलं.
दुसऱ्या हँडलरमध्ये, माझ्याच हातची ओळ,
गेल्या श्रावणातली:
वाक्य अर्धं असेल तर पाच सेकंद थांब.
तरी नाही आलं तर पुन्हा थांब.
साक्रीकडे रेंज नसते, तिथलं वाक्य
तुटत, अडखळत येतं. मला दया आली होती.
यामिनीने तपासून खाली "चालेल" लिहिलं होतं.
आणि धावणारा माणूस तर एकच,
तो साक्रीच्या बांधावर उभा राहिला, माझ्या सांगण्यावरून,
पाऊण तास,
मागे तीन तालुके तोंड उघडून.
वाट पाहणं ही काही चूक नव्हे,
म्हणून तर लॉगमध्ये नाही.

ओळ खोडली. आता अर्धं वाक्य आलं
की साक्रीच्या नावाने कोनाड्यात ठेवायचं
आणि चालू लागायचं.
उरलेलं आलं की हाक येईलच.

दोन पंचावन्न. पाऊण तासाचं साचलेलं एकदम सुटलं.
शिरपूर तीन पूर्णांक आठ. दोंडाईचा चार.
शहादा सहा पूर्णांक चार, हे बरं नाही,
मुकुंदाला पुन्हा उठवलं, त्याने शिवी गिळली
आणि कॉम्प्रेसरकडे गेला.

साक्रीकडून आतापर्यंत "ता" एवढंच आलंय.
तापमान असावं.
ठेवलंय कोनाड्यात.
मी त्याच्याकडे बघत बसले नाही.
म्हणजे, फारशी नाही.